पालवठचं हिमयुग

पृथ्वी खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, सरकारं बोलतात, आत्मचरित्रं तर पहिल्या पानापासून बोलतात. पण पृथ्वी थरावर थर रचत बसते आणि जे घडलं तेवढंच ठेवते. तिचं अक्षर आजवर आपल्याला नीट लागत नव्हतं, एवढीच अडचण होती. सन २०४१च्या मार्चमध्ये ती अडचण दूर झाली आणि काळाचा अखंड ग्रंथ मानवजातीपुढे उघडला गेला.

उघडल्या पानावर असं लिहिलं होतं, की १९८९ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवठ गावच्या तळ्यात हिमनग तरंगत होते.

१९८९ साली हयात असलेली बरीच माणसं पालवठात अजून हयातच होती. वार्ताहरांनी त्यांना गाठलं. देवळातले नाना गुरव बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "हिमनग काय ध्यानात नाय. पण गावात कुल्फीवाला पयल्यांदा आला तो त्याच साली." हे विधान दुसऱ्या दिवशी 'स्थानिकांचा दुजोरा' या मथळ्याखाली छापून आलं.

यात हा गाळ वाचणाऱ्या यंत्राचा दोष नव्हता. तळ्याच्या तळाशी गाळ कसा बसतो हे समजायला यंत्र लागतही नाही. पावसाळ्यात डोंगरावरचं तांबडं पाणी येतं, त्यातली जाड माती आधी खाली बसते. मग पाऊस थांबतो, पाणी निवळतं, आणि उरलेलं वर्षभर शेवाळ, परागकण, धूळ अशी हलकी मंडळी सावकाश खाली उतरतात. त्यांचा थर काळपट. तांबडा आणि काळा मिळून एक वर्ष. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सरोवरांत असंच झालं, त्या गाळाचा दाबून दाबून दगड झाला, आणि भूवैज्ञानिक तो फोडून वर्षं मोजत बसले. 'थरवाचक' नावाच्या या नव्या यंत्राने फोडायचं काम वाचवलं. तळ्यात सोडलं, की चटईएवढ्या जागेखालचा गाळ ते ध्वनिलहरींनी आणि क्ष-किरणांनी पापुद्र्यापापुद्र्याने वाचायचं, मधूनच सुईने नमुना उचलायचं, आणि कुठल्या साली पाऊस किती, पीक कोणतं, वणवा कधी, हे सांगून मोकळं व्हायचं.

पालवठच्या गाळात त्याला खडे दिसले. लोण्यासारख्या मऊ मातीत बसलेले, बोराएवढे, गुळगुळीत खडे. आता संथ पाणी खडा वाहून आणू शकत नाही, आणि ज्या पाण्यात खडा वाहतो त्या पाण्यात इतकी बारीक माती खाली बसत नाही. मग दोघं एकत्र आले कसे? पाठ्यपुस्तकात उत्तर ठरलेलं आहे: खडा वरून पडला. तरंगत्या बर्फात अडकून आला, बर्फ वितळला, खडा तळाला गेला. आपल्याकडे कोळशाच्या थरांखाली असे दगड सापडतात, आणि एके काळी इथे हिमनद्या होत्या हे कळायला त्यांचीच मदत झाली. यंत्राला शिकवायला वापरलेली पुस्तकं थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली. त्यांच्याकडे वरून पडतो तो बर्फच. यंत्राने हिमनग सांगितले. खात्री किती, विचारल्यावर चौऱ्याण्णव टक्के म्हणालं. ज्या विद्यापीठात ते बनलं होतं, तिथल्या कुलगुरूंना चौऱ्याण्णव टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य एवढंच ठाऊक. त्यांनी पत्रकारांना चहाला बोलावलं.

यंत्राचा जनक डॉ. हृषीकेश बेहेरे तेव्हा जर्मनीत एका परिषदेत होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, उंच, वाकलेला, आणि बोलायला लागला की न थांबणारा माणूस. त्याला विमानतळावर घ्यायला त्याचा सहकारी डॉ. नौशाद परकार आला होता. चेहऱ्यावरून घरात कोणी आजारी असावं असं वाटत होतं.

"सर, मी म्हणत होतो थांबू या. कुलगुरू म्हणाले, विज्ञान कुणासाठी थांबत नाही."

"एकोणीसशे एकोणनव्वद, नौशाद?"

"नव्वदलापण आहेत. खरं सांगायचं तर दरवर्षीच आहेत."

"आणि तुम्हांला अख्ख्या महाराष्ट्रात पालवठचं तळं कुणी सुचवलं?"

"तुम्हीच सर. यादीत सगळ्यांत शेवटचं होतं. तुमचं गाव ना ते?"

हृषीकेश गाडीकडे चालू लागला. पालवठ त्याने शेवटी टाकलं होतं ते तिथवर कोणी पोचू नये म्हणून. सरकारी अनुदान संपता संपता उरेल, अशी शक्यता त्याच्या गणितात नव्हती.

गाडीत नौशादने खड्यांचं चित्र दाखवलं. हृषीकेशला त्यात बेसाल्ट दिसला, त्यातले स्फटिक दिसले, प्रवाहात घासून गोल झालेल्या कडा दिसल्या. एवढं सगळं दिसल्यावर आणखी काही दिसायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

ताई म्हणजे सुमेधा गद्रे, त्याची मोठी बहीण. चिपळूणला शाळेत शिक्षिका होती, नवरा गेल्यावर आईच्या आजारपणाला म्हणून पालवठला आली, आणि आई गेल्यावरही तिथेच राहिली.

"हृषी, पेपरात तुझा बर्फ आलाय."

"माझा नाही गं तो."

"अरे शहाण्या, फोटो बघितलास का? गौरीचे खडे आहेत ते! मोज, सात भरतील."

हृषीकेशने मोजले. सात भरले.

पालवठात गौरी घरोघर तेरड्याच्या. खड्याच्या गौरी एकट्या बेहेऱ्यांकडे. घरातल्या कुमारिकेने किंवा सवाष्णीने पऱ्यावर, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर जायचं, वाहत्या पाण्यातले सात खडे वेचून ताम्हनात ठेवायचे, तोंडात चूळभर पाणी धरायचं आणि घरी येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. खडे घरात गौर म्हणून बसायचे, जेवायचे, आणि तिसऱ्या दिवशी तळ्याच्या पायरीवरून पाण्यात जायचे. खाली जे काही बर्फातून पडल्यासारखं दिसत होतं, ते बेहेऱ्यांच्या लेकीसुनांच्या हातून पडलं होतं.

हृषीकेश इतका हसला, की चष्मा काढून ठेवावा लागला. "ताई, कुलगुरूंना काय सांगू? हिमनग नव्हते, माहेरवाशिणी होत्या?"

"सांग. घाबरतोस काय!"

मग तो थांबला. "ताई, आपल्या गौरी दोन हजार एक साली बंद झाल्या."

"हो."

"खडे बंद नाहीत झालेले. त्या एका सालचे नाहीत. पुढच्या वर्षीपासून परत आहेत. गेल्या भाद्रपदापर्यंत."



"दूध उतू जातंय," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन हजार एक साली धाकटी बहीण रेवती अठरा वर्षांची होती. हृषीकेश विसाचा, पुण्याहून गणपतीच्या सुट्टीवर आलेला. गौरी आणायचा मान धाकटीचा. आणि ती परत येताना वाटेत गाठून तिला हसवणं हा हृषीकेशचा मान, जो त्याने स्वतःच स्वतःला दिला होता. ती हसली की चूळ फुटायची, मग बिचारीला पुन्हा पऱ्यापर्यंत जावं लागायचं. त्या सकाळी त्याच्याकडे ताजा माल होता. ट्रायलोबाइट नावाचा एक प्राणी समुद्रात होऊन गेला, त्याबद्दल तो नुकताच शिकला होता. "रेवा, हुबेहूब आपले बाबा! पाठ कडक, डोळे बटबटीत, आणि जरा काही झालं की अंगाची गुंडाळी करून बसणार. अख्खं घराणं नामशेष झालं, पण एकानेही चूक कबूल केली नाही!"

रेवती हसली नाही. गाल फुगलेले, हातात ताम्हन. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, सावकाश. हृषीकेश म्हणाला, "बरं, मी जातो पुढे. तू येईपर्यंत मोदक शिल्लक राहतील याची हमी नाही." आणि गेला.

ताम्हन तळ्याच्या पायरीवर सापडलं. त्यात सातही खडे होते. रेवती नव्हती.

तळ्यात जाळी टाकली. पऱ्याला पूर होता, आणि पऱ्या पुढे खाडीला मिळतो. खाडीतही होड्या फिरल्या. कोणी म्हणालं, तशीच मुलगी लांज्याच्या एसटी स्टँडवर पाहिली. बाबांनी स्टँड धरला. पळून गेली म्हणाले, ताम्हनातले खडे अंगणाबाहेर फेकले, गौरी बंद केल्या आणि तिचं नावही. आईने पाणी धरलं. हृषीकेशने काहीच धरलं नाही. तो दगडांकडे गेला. तिथे मेलेल्यांच्या बाबतीत एवढी तरी सोय असते, की ते मेले आहेत याबद्दल वाद नसतो.

दगडांनी त्याला मोठं केलं. विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला तो एक वाक्य सांगायचा: शेवटचा जीवाश्म म्हणजे शेवटचा प्राणी नव्हे. हजारांतला एखादा प्राणी गाळात सापडतो, बाकीचे कुजून जातात. म्हणून एखाद्या जातीचा माग एका थरात संपला, तरी ती जात त्यानंतरही कुठेतरी चरत, फिरत असू शकते. वर्ग वहीत हे उतरवून घ्यायचा. सर हे सांगताना खिडकीबाहेर का बघतात, हे कोणी विचारलं नाही.

खड्यांना चिकटलेल्या मातीचा डीएनए तपासायचा हे आठवड्याभरात ठरलं. यंत्राने तपासलं आणि तक्रार केली: नमुने दूषित. डॉ. बेहेरे यांनी हाताळलेले.

नौशाद धावत आला. "सर, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांची लाळ यंत्राकडे असते ना, चुकून कुणाचा हात लागला तर कळावं म्हणून. ते म्हणतंय, खडे तुम्ही टाकलेत. सगळे. गेली साठ वर्षं."

"साठ वर्षांपूर्वी मी पाळण्यात होतो."

"तेच मी त्याला सांगितलं. ते ठाम आहे."

ठाम असायला कारण होतं. आपल्या पेशीतला मुख्य डीएनए गाळात फार टिकत नाही. पण पेशीला ऊर्जा पुरवणारे जे बारके कण असतात, त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि पेशीगणिक त्याच्या शेकडो प्रती. ओल्या मुठीत खडा घट्ट धरला की कातडीचे कण त्याच्या खाचांत शिरतात. वरून लगेच गाळ बसला, तर त्या शेकडोंतली एखादी प्रत तगते. आणि हा डीएनए येतो फक्त आईकडून. आई, तिच्या मुली, तिचा मुलगा, सगळ्यांचा एकच. बापाचा या कारभारात कुठे शिक्काच नाही. बाबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी शास्त्रच रद्द केलं असतं.

"म्हणजे सर," नौशाद म्हणाला, "यंत्राच्या लेखी तुम्ही, तुमची आई आणि बहीण, एकच माणूस."

"बहिणी," हृषीकेश म्हणाला.

"दोन आहेत? तुम्ही कधी बोलला नाहीत."

"दोन." चाळीस वर्षांत त्याने हा शब्द पहिल्यांदा उच्चारला.

गणित सरळ होतं. बाबांच्या नकळत आई खडे टाकत राहिली असणार. पण आई २०१८ साली गेली, आणि खडे नंतरही होते. त्याने पालवठला फोन लावला.

"ताई, तळ्यात खडे तू टाकतेस?"

"मी?" ताई म्हणाली. "मला चालतं का ते?"

चालत नव्हतं हे खरं होतं. गौर आणायची ती कुमारिकेने किंवा सवाष्णीने. भाऊजी गेल्यापासून ताई कुणाच्या हळदीकुंकवालाही पुढे होत नसे. हृषीकेशने कितीदा समजावलं, तरी "राहू दे रे" म्हणून मागे उभी राहायची. त्याने ते उत्तर नोंदवून घेतलं.

"मग ती रेवा आहे!" त्याचा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतून नौशाद डोकावला. "ताई, रेवा आहे! येते ती. दरवर्षी येते, खडे टाकते आणि जाते. ताई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय रे."

"दूध आहे का गॅसवर?"

"नाही," ताई म्हणाली. "आज दूध आलंच नाही."

हिमयुग मागे घेण्याचं पत्रक हृषीकेशने एका ओळीत लिहिलं: 'सदर खडे घरगुती उगमाचे आहेत.' कुलगुरू आठवडाभर कोणाच्या चहाला गेले नाहीत. यंत्राची मात्र अब्रू वाचली, नव्हे, वाढली. ज्याला साठ वर्षांपूर्वीची मूठ ओळखता येते, ते आपल्या विहिरीत का नको? थरवाचक भाड्याने जाऊ लागला. दोन गावांनी एकच तळं वाचून दोन इतिहास काढले. एका आमदाराने आपलं घराणं सर्वांत खालच्या थरात आहे का, ते पाहायला सांगितलं; तिथे गोगलगायी निघाल्या आणि अहवाल गोपनीय ठरला. पण बरीच माणसं नुसती येऊन उभी राहत. विहीर कुठली ते सांगत, साल सांगत, पुढचं सांगत नसत. नौशादने दाराशी दोन खुर्च्या ठेवल्या आणि कुणालाही काही विचारायचं बंद केलं.

हृषीकेशने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. रेवती, तू जिथे असशील तिथून. तीन बायकांचे फोन आले. प्रत्येकीला त्याने एकच विचारलं, "त्या सकाळी वाटेत मी तुला काय म्हणालो?" पहिली रडायला लागली. दुसरीने विचारलं, बक्षीस आहे का. तिसरी म्हणाली, "भाऊ, मी तुमची बहीण नाही. पण तुम्ही विचारता तसं मला कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं." तिच्याशी तो बराच वेळ बोलला.

एके दिवशी त्याने साडी घेतली. दुकानदाराने विचारलं, वय काय बाईंचं? हृषीकेशला रेवतीची आवड पक्की ठाऊक होती, निळा रंग आणि बारीक काठ. घेऊन घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ही आवड अठरा वर्षांच्या मुलीची आहे, आणि साडी नेसणार आहे ती अठ्ठावन्न वर्षांची बाई. बदलून आणावी असं दोनदा वाटलं. पण अठ्ठावन्नच्या रेवतीला काय आवडतं हे सांगणारा थर त्याच्याकडे नव्हता.

हे सगळं तो ताईला फोनवर सांगायचा. जाहिरात, साडी, ती तिसरी बाई. ताई "हं" म्हणायची. मध्येच म्हणायची, "जेवतोस ना वेळेवर?"

भाद्रपद आला. गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी हृषीकेश पालवठला पोचला. ताईने त्याला आवडतं म्हणून फणसाच्या आठळ्यांची भाजी केली होती. जेवताना तो म्हणाला, "ती गेली तीही गौरी आणायच्या दिवशीच. उद्या उजाडायच्या आत तळ्यावर जाऊन बसतो. उंडीच्या झाडामागे. मी आधी दिसलो तर बिचकेल ती."

ताईने त्याच्या पानात भाजी वाढली. "पाऊस आहे. छत्री ने."

"तू येतेस?"

"माझे गुडघे बघतोस ना."

सकाळी तो निघाला तेव्हा ताईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. झोपू दे, म्हणून त्याने हाक मारली नाही. तळ्यावर कोणी नव्हतं. जांभ्याच्या पायऱ्या हिरव्या पडलेल्या, पाणी तांबडं, वर बारीक पाऊस. उंडीखाली तो साडीची पिशवी छातीशी धरून उभा राहिला आणि पहिलं वाक्य ठरवू लागला. उभ्या आयुष्यात त्याला वाक्य ठरवावं लागलं नव्हतं. शेवटी ठरलं, ट्रायलोबाइटचंच म्हणायचं. तिला कळेल. हसेल. चूळ फुटेल, आणि मग ती परत पऱ्यावर जाईल, पण यंदा तो बरोबर जाईल.

पऱ्याच्या वाटेवरून कोणीतरी येताना दिसलं. बाई. रेनकोटची टोपी कपाळावर ओढलेली, दोन्ही हातांत ताम्हन, चाल जपून टाकलेली. वरच्या पायरीशी तिने चपला काढल्या.

हृषीकेश झाडामागून बाहेर आला. "हुबेहूब आपले बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "पाठ कडक. डोळे..."

बाईने मान वर केली. गाल फुगलेले होते. ताई होती.

हृषीकेश तिच्याकडे बघत राहिला. मग बोलायला लागला. "तू? ताई, तू? म्हणजे... सगळी वर्षं? आई गेल्यापासून तू? मी विचारलं होतं तुला! सरळ विचारलं होतं! मी पेपरात जाहिराती देतोय, तीन बायका... ताई, बोल ना काहीतरी!"

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातलं तिने सांडू दिलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, सावकाश.

हृषीकेश गप्प झाला.

ती एकेक पायरी उतरली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने ताम्हन पोटाशी. पाण्याजवळ वाकली, खडा उचलायची, मुठीत धरायची, जरा थांबायची आणि सोडायची. सातवा गेल्यावर तिने चूळ पाण्यात सोडली आणि तिथेच पायरीवर बसली.

"आता बोल," ती म्हणाली.

हृषीकेशने साडीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तो वरच्या पायरीवर बसला.

"नसते आले, तर तू धरून चालला असतास की ती यंदा गेली," ताई म्हणाली. "दुसऱ्यांदा सुतक कुठे धरायला लावू तुला? आणि तुझा डोळा चुकवून आले असते, तर आणखी वर्षभर साड्या घेत बसला असतास. रात्रभर विचार केला. मग म्हटलं, जाऊ या. बघू दे त्याला."

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तू 'रेवा आहे, रेवा आहे' म्हणून ओरडलास. इतक्या वर्षांत तुझा तसला आवाज ऐकला नव्हता." तिने पदराने तोंड पुसलं. "आईने सांगितलं होतं, खडे बंद करू नकोस. म्हटलं, आई, मला कसं चालेल? म्हणाली, आणून लगेच सोड, पूजा नको, कोणाला दिसू नकोस. ती पाण्यात असेल तर तिला मिळतील."

"आणि पाण्यात नसेल तर?"

"तेही विचारलं. म्हणाली, नसेल तर असू दे. खडेच तर आहेत."

पाऊस जरा वाढला. हृषीकेशने छत्री उघडून ताईच्या डोक्यावर धरली. त्यासाठी त्याला दोन पायऱ्या खाली यावं लागलं.

"म्हणजे पुरावा काहीच नाही," तो म्हणाला. "ना असण्याचा, ना नसण्याचा."

"तू शिकवतोस ना ते, शेवटच्या प्राण्याचं काहीतरी?"

"शेवटचा जीवाश्म म्हणजे शेवटचा प्राणी नव्हे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सापडलं नाही, म्हणून नाही असं म्हणता येत नाही."

"आणि आहे असं?"

"तेही म्हणता येत नाही."

ताईने यावर विचार केला. "बरीच वर्षं लागली रे तुम्हां लोकांना," ती म्हणाली. मग, "पिशवीत तीच का?"

"हो."

"निळी?"

"निळी."

ताईने हात पुढे केला नाही, आणि त्याने पिशवी पुढे केली नाही.

"ताई, तिने पण अशीच मान हलवली होती. त्या दिवशी. मी बोलत होतो आणि तिने मान हलवली. नाही म्हणत होती. कशाला नाही, ते मला अजून कळलेलं नाही. परत जाऊ नको? मला जायचं नाही? मी नाही येणार? सगळे अर्थ लावून पाहिले."

"मी आत्ता हलवली ती बघितलीस?"

"बघितली."

"मी म्हणत होते, गप्प बस. आता बोलू नकोस, चूळ फुटेल."

हृषीकेश तिच्याकडे बघत राहिला. "एवढंच?"

"माझं एवढंच. तिचं मला काय ठाऊक? पण तू बोलायला लागलास की आम्ही सगळ्याच तेवढं म्हणायचो." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात ओला आणि गार होता, पऱ्याच्या पाण्याचा. "चाळीस वर्षं काय अर्थ लावत बसलास, वेड्या."

तो रडला, पण बेताने. छत्री हलू नये एवढी काळजी घेऊन. समोर खडे पडल्याच्या खुणा पाण्यावरून केव्हाच गेल्या होत्या. खाली यंदाची तांबडी माती त्यांच्यावर बसायला लागली असणार.

"पुढच्या वर्षी मला या पायऱ्या उतरवणार नाहीत," ताई म्हणाली. "तू टाक."

"मी? मला चालतं का ते?"

"मला तरी कुठे चालत होतं! तुझ्या यंत्राला कळेल?"

"नाही. त्याला आपण सगळे एकच."

"झालं तर मग. फक्त वाटेत बोलायचं नाही. तुला जमेल ना?"

हृषीकेशने डोळे पुसले. काळाबद्दल, थरांबद्दल, हरवलेल्या थरांबद्दल काहीतरी मोठं त्याच्या मनात जमत होतं, आणि ते आत्ताच, या पाण्यासमोर बोलून टाकायला हवं असं त्याला वाटलं. त्याने घसा खाकरला.

"हृषी," ताई म्हणाली, "ते नंतर. आधी ती वरच्या पायरीवरची माझी चप्पल आण. इथे फार शेवाळ आहे."